रजेचा पत्ता

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या तुरुंगाचा शिक्का नेहमीसारखा नेमका पत्त्यावरच मारलेला, त्यामुळे पोस्टमनने खालूनच, आजी, परदेशाचं आलंय हो, म्हणून सगळ्या जिन्याला ऐकवलं. ऐकवू दे. या इमारतीत आता माहीत नसलेलं कुणी उरलेलं नाही. तू विचारतोस, आपलं घोडं नेमकं कुठे अडलंय. सांगते. सगळं सांगणार आहे, पण माझ्या चालीने सांगणार. मला अर्ध्यावर तोडायची तुझी लहानपणापासूनची खोड, ती पत्रात चालत नाही हे एक बरं आहे. तिकडे कुणी भाषांतर करून आधी वाचत असेल, तर त्यालाही वाचू दे.

घोडं अडलेलं नव्हतं. पार शेवटच्या वळणापर्यंत आलं होतं. तिकडच्या सरकारने तुला इकडच्या तुरुंगात पाठवायला होकार दिला, त्याचा कागद गेल्या महिन्यात आला. इकडच्या सरकारचंही सगळं झालं होतं, एक घरभेट सोडून. घरभेट म्हणजे एक बाई येतात, घर बघतात, घरच्या माणसांशी बोलतात, आणि यांना हा माणूस परत हवा आहे की नाही याचा अहवाल वर पाठवतात. त्या मंगळवारी येऊन गेल्या. वकीलसाहेब म्हणाले होते, ही नुसती रीत आहे हो, आईच मागतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मलाही तसंच वाटत होतं.

पाच वर्षं मी या एका फायलीमागे जिवाचं रान केलं हे तुला माहीत आहे, पण कसं ते माहीत नाही. पहिलं वर्ष तर चुकीच्या खिडकीशीच गेलं. तिथला कारकून मला दर वेळी प्रत्यर्पणाच्या टेबलाकडे पिटाळायचा. मला तरी काय कळत होतं, मी आपली कुठेही रांगेत उभी राहायची. एक दिवस त्या टेबलावरच्या साहेबाने विचारलं, तुमचा मुलगा पळून नेमका कुठे गेलाय? मी अशी भडकले! म्हटलं, माझा मुलगा कुठेही पळालेला नाही, तो तुरुंगात आहे, खुशाल चौकशी करा. मान ताठ करून सांगितलं. आजूबाजूची माणसं हसली तेव्हा उमगलं, आपण काय फुशारकी मारतोय. मग त्याच साहेबाने खुर्ची दिली आणि नीट समजावलं. गुन्हा करून दुसऱ्या देशात पळालेल्याला खटल्यासाठी धरून नेतात, ते प्रत्यर्पण. आणि परक्या देशात शिक्षा झालेल्याला उरलेली शिक्षा आपल्या माणसांजवळ भोगता यावी म्हणून आणतात, ते कैदी हस्तांतरण. त्याला दोन देशांत करार लागतो, तो आपल्यात आहे. टेबल मात्र वेगळं, इमारत वेगळी, आणि तिथे जायची बसही वेगळी.

तिथून खरा खेळ सुरू झाला. तुझा जन्मदाखला, मी तुझी आई असल्याचा पुरावा (नऊ महिने पोटात वागवलं, तरी तो वेगळा लागतोच), तिकडच्या निकालाची खरी प्रत, तिचं भाषांतर, त्यावर शिक्का, आणि तो शिक्का खरा असल्याचा आणखी एक शिक्का. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं ज्याने कुणी म्हटलं तो फारच आशावादी माणूस असला पाहिजे. मधेच एक दिवस टेबलावरच्या मुलीने सांगितलं, की ज्या कृत्याला तिकडे शिक्षा झाली ते आपल्या कायद्यानेही गुन्हा असावं लागतं, नाहीतर अर्ज बाद. तिने पुस्तक काढलं, पानं उलटली आणि म्हणाली, आहे आजी, इथेही गुन्हाच आहे. आणि मी हात जोडून म्हटलं, देव पावला. खरंच म्हटलं रे. जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबले. बायकोचा जीव घेणं आपल्याकडेही गुन्हा आहे, म्हणून मी देवाचे आभार मानले होते. तू दर पत्रात ‘तो अपघात’ असं लिहितोस. मीही लोकांना तेच सांगत आले. त्या मुलीने अपघाताचं पान काही उघडलं नव्हतं. घरी आले आणि गिऱ्हाइकाच्या दोन पँटी आखूड करून दिल्या.

मग तुझं अपील. अपील चालू असलं की निकाल पक्का धरत नाहीत, आणि निकाल पक्का झाल्याशिवाय कैद्याला हलवत नाहीत. म्हणजे घराजवळ यायचं तर मी निर्दोष आहे असं म्हणायचं सोडून द्यायचं. इकडे आड, तिकडे विहीर. तू लिहिलंस, आई, मी अपील मागे घेतोय, तुझ्या मांडीवर एकदा डोकं ठेवायला मिळालं की मला बाकी काही नको. ते वाचून मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. वकीलसाहेबांना वाचून दाखवलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, बरं केलं, तसाही त्या अपिलात काही दम नव्हता. मला त्यांचा असा राग आला की महिनाभर फोन केला नाही. राग त्यांचा नव्हता हे आता कळतंय.

ठकीबद्दल तू दर पत्रात एक ओळ विचारतोस आणि मी एकच ओळ लिहिते, की मजेत आहे. आज जास्त लिहिते. तुझी लेक तेरा वर्षांची झाली. माझ्या खांद्याच्या वर गेली, पाय तर असे वाढतायत की बूट आणावे आणि लहान व्हावे. गणितात बरी आहे. बोलण्यात माझ्यावर गेलीय असं शेजारीण म्हणते, म्हणजे एकूण तिखट. नाक तिच्या आईचं. हसतेही तिच्यासारखीच, आधी ओठ मिटून आणि मग एकदम. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा सात वर्षांची होती. सुनेच्या माहेरी ठकीचे एक मामाच, त्यांनी हात वर केले, म्हणून विमानातल्या कुणा बाईचा हात धरून ती माझ्या दाराशी येऊन उभी राहिली, गळ्यात नावाची पाटी अडकवलेली. तेव्हापासून तिला एक सवय आहे. शाळेतून आली की आधी दाराला कडी घालते, मग साखळी, मग दारामागे माझं मशीनचं स्टूल सरकवते आणि मगच दप्तर खाली ठेवते. मी आधी रागावले. मग थट्टा केली, की अगं, चोराला न्यायला आपल्याकडे आहे काय, दोन कात्र्या आणि मी? ती हसली, पण स्टूल सरकवलंच. पुढे पुढे मलाही सवय झाली. गिऱ्हाईक आलं की आधी स्टूल बाजूला करायचं आणि मग दार उघडायचं. कारण मी कधी विचारलं नाही. लहान मुलांना असतात असल्या सवयी, असं मी माझं मला सांगत राहिले.

घरभेटीच्या आधी वकीलसाहेबांनी बजावलं होतं, मुलाची म्हणून एक खोली दाखवा, चांगलं दिसतं. आपल्याकडे खोल्या दोनच, त्यातली आतली ठकीची. मी तिला म्हटलं, तुझं टेबल चार दिवस बाहेर आणू या. ती बरं म्हणाली. आपली पुस्तकं आपणच उचलून आणली, भिंतीवरची चित्रं काढून गुंडाळून ठेवली, आणि माझ्या मशीनच्या खडखडाटात कोपऱ्यात बसून अभ्यास करू लागली. एका शब्दाने कुरकुर नाही. मलाच काही वाटायला हवं होतं, पण मी कुठली भानावर! मी तुझ्यासाठी पडदे शिवत होते, निळे, तुला आवडतात म्हणून. चादर शिवली, उशीचे अभ्रे शिवले, त्यांना कडेने दुहेरी शिवण घातली. मी शिवताना गुणगुणत होते, असं शेजारीण म्हणाली. म्हणाली, कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

बाई आल्या त्या अगदी साध्या, चाळिशीच्या, जिना चढून धापा टाकत. पाणी प्यायल्या, खोली पाहिली, खिडक्या पाहिल्या, मोरीच्या दाराला आतून कडी आहे का तेही पाहिलं. मी कौतुकाने पडदे दाखवले. आणि सहज म्हटलं, बाई, तो सुटून येईपर्यंत मी कुठली असायला, ही खोली आपली कागदापुरती. तशा त्या म्हणाल्या, नाही आजी, ही खोली सुटल्यानंतरची नाही, रजेची आहे. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. शिक्षा तिकडच्या कोर्टाची, वर्षं तीच, त्यातलं एकही कमी होत नाही. पण कैदी एकदा इकडे आला की ती भोगायची कशी हे इकडच्या नियमांनी ठरतं. तिकडे तुम्हाला रजा म्हणून नाही. इकडे आहे. काही वर्षं नीट वागून काढली की कैद्याला दरवर्षी थोडे दिवस घरी सोडतात, आणि तुझी तिकडची वर्षं त्यात धरली जातात. म्हणजे तू आलास की वर्षाच्या आत पहिली रजा. बेडी नाही, बरोबर पोलीस नाही. रजेचा पत्ता मीच लिहून दिला होता, चार वर्षांपूर्वी अर्ज भरताना, ठसठशीत अक्षरात, आपल्या घराचा. हा रकाना कशाचा हे मी विचारलंही नव्हतं. मी धरून चालले होते की तुला महिन्यातून एकदा जाळीतून बघायचं, तेवढंच माझ्या नशिबी. आणि या बाई म्हणतायत की तू या खोलीत झोपशील, माझ्या हातचं गरम जेवशील. मला रडूच फुटलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो.

मग त्यांनी ठकीला बोलावलं. घरात राहणाऱ्या प्रत्येकाशी बोलावं लागतं म्हणे, मूल असलं तरी. ठकी येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. शाळा कुठली, कितवीत, असं विचारून झाल्यावर बाई म्हणाल्या, वडील रजेवर घरी येणार आहेत, तुला काही विचारायचंय का? मला वाटलं, मान हलवेल आणि जाईल. तिने विचारलं, “त्यांना घराची किल्ली द्यावी लागते का?” बाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी का ग म्हणून विचारलं, तर सहज म्हणाली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी आमच्याकडे पाठ करून बसली. बाईंनी कागद आवरले. मग मला म्हणाल्या, आजी, घाई नाही, मी शुक्रवारी परत येते, तेव्हा तुमचं काय ते लिहून घेईन.

त्या गेल्यावर मी काही विचारलं नाही. ठकीची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. समोर तोंड नसलं की ती बोलते, हे मला ठाऊक आहे. थोड्या वेळाने बोलली. तू आणि सून तेव्हा वेगळे राहत होतात. सुनेने लेकीला घेऊन दुसरी जागा केली होती, नवं कुलूप बसवलं होतं, एक किल्ली तिच्याकडे आणि एक ठकीच्या दप्तरात. दुपारच्या सुट्टीत तू शाळेच्या फाटकाशी आलास. तिला जवळ घेतलंस. म्हणालास, आईची गंमत करायची आहे, मला किल्ली दे, आणि कुणाला सांगू नकोस. तिने दिली. किती दिवसांनी बाप भेटला म्हणून आनंदाने दिली. शाळा सुटल्यावर तिला न्यायला आई आली नाही, पोलीस आले. तू कोर्टात सांगितलंस की सुनेनेच दार उघडलं, बोलाचाली झाली, धक्का लागला. मलाही तसंच लिहिलंस. कोर्टाने मानलं नाही, मी मानलं. तू आत जाऊन तिची वाट बघत बसला होतास, बाळ. आणि ही पोर सहा वर्षं तोंड मिटून राहिली, कारण तू सांगू नकोस म्हणाला होतास. तिला वाटतं, आई तिच्यामुळे गेली. वेणी हातातच राहिली. शेवटी मीच मोठ्याने रडले आणि ती मला थोपटत बसली, असं सगळं उलटंच झालं.

तरी दुसऱ्या दिवशी मी धडपडले, ती तुझ्यासाठीच. बाईंना फोन केला, म्हटलं, त्याला आणा पण रजा नको असं लिहून घ्या. त्या म्हणाल्या, रजा हा कैद्याचा हक्क, तो आईला काढून घेता येत नाही. आणि पत्ताच नसेल तर अर्ज पुढे जात नाही, कारण आपल्या माणसांजवळ आणायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप. मग तुझ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, वहिनी, काय हवं ते मागा, माझा पत्ता मागू नका. त्यांना तरी काय दोष देऊ, त्यांच्या घरात सुना आहेत. माझं फोनवरचं सगळं ठकी ऐकत होती. म्हणाली, मी वसतिगृहात जाते, आजी. म्हणाली, “तुझा मुलगा आहे ना तो. तू किती वाट बघितलीस.” असं मोठ्या माणसासारखं. तेरा वर्षांची पोर स्वतःचं घर सोडायला निघाली, आणि कुणासाठी, तर तुझ्यासाठी. तिथे मी हात टेकले.

तू माझ्या पोटचा गोळा आहेस. ते बदलत नाही, मी चिडून हजारदा ठरवलं तरी बदलत नाही. तुझा इतका राग येतो की कापड बेतताना कात्री आपटते, आणि लगेच मनात येतं, तिकडच्या थंडीत त्याचा खांदा दुखत असेल. तू लिहिलंयस, तिथे आपल्या भाषेत बोलणारं एक माणूस नाही, स्वतःशी बोलतोस तर बाकीचे हसतात. लिहिलंयस की इथेच मेलो तर रडायलाही कुणी नसेल. मी वाचलंय ते, पुन्हा पुन्हा वाचलंय. मी तिकडे एकदा येऊन गेले, काचेपलीकडून तुला पाहिलं, आता पुन्हा यायचं त्राण माझ्यात नाही. डॉक्टर जिनासुद्धा दिवसातून एकदाच चढा म्हणतात. तुझी शिक्षा संपेल तेव्हा मी असणार नाही. म्हणजे तू इकडे आला नाहीस तर या जन्मात आपली भेट नाही. हे मी समजून उमजून लिहितेय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय सांगायचं. तुझे बाबा असते तर त्यांच्यावर ढकललं असतं, तेही नाहीत.

काल शुक्रवार होता. बाई आल्या आणि मी नको म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं, आणि खाली सही केली. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, आजी, मनाला लावून घेऊ नका, नकाराच्या कागदावर आम्ही कारण लिहीत नाही, सरकारने नाकारलं एवढंच तुमच्या मुलाला कळेल, तुमचं नाव कुठे येणार नाही. चांगल्या मनाने म्हणाल्या. पण तू तिकडे बसून सरकारच्या नावाने बोटं मोडायची आणि मी इकडून, काय करणार बाळा, नशीब, असं लिहीत राहायचं, हे माझ्याने व्हायचं नाही. म्हणून हे पत्र. नाही मी म्हटलंय, तुझ्या आईने. शिव्या द्यायच्या तर मला दे, मी वाचीन. आणि एक मागते. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो, वकील तुला ते सांगतीलच. करू नकोस. केलास तर कुणीतरी पुन्हा याच दाराशी येईल. मी असले तर पुन्हा हेच सांगेन. पण मी नसले तर ते ठकीला विचारतील, तुझे वडील परत हवेत का म्हणून. तिला हे कुणी विचारायची वेळ आणू नकोस, बाळ. ती हो म्हणेल.

तुझीच,
आई